पूरक म्हणजे किती?

आज दादरला ताईकडे भाचीची गणिताची वही बघायला बसलो आणि तोंडावर आपटलो. 35 अंशांचा पूरक कोन किती? मी ऐटीत म्हटलं, 55. कार्टी खिदळली. "मामा, तो कोटिकोन, बेरीज 90! पूरक म्हणजे बेरीज 180. उत्तर 145." मी इंग्रजी माध्यमातला, कॉम्प्लिमेंटरी म्हणजे पूरकच असं धरून चाललेला. (ताई चहा देताना गालात हसली, तेही गिळलं.)

परतताना लोकलमध्ये डोक्यात तेच. 'ज्या' म्हणजे साइन; कोटिकोनाची ज्या ती कोटिज्या, म्हणजेच आमचा कोसाइन! त्यातला 'को'सुद्धा लॅटिनमधल्या कॉम्प्लिमेंटचाच. शाळेत वर्षानुवर्षं साइन-कोसाइन घोकले, हे कुणी सांगितलंच नाही. मराठीच्या तासाला मात्र 'राम राजा झाला' यातला 'राजा' विधानपूरक, हे पाठ होतं. नुसतं 'राम झाला' म्हटलं की ऐकणारा ताटकळतो. रक्तातही कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं असतात, अँटिबॉडींना साथ देत जंतूंना भोकं पाडणारी. अर्थशास्त्रातल्या पूरक वस्तू तर माहीतच आहेत: पेट्रोल महागलं की गाड्यांची मागणी घटते.

कुर्ल्याला उतरून वडापाव मागितला. सुकी चटणी संपली म्हणाला.

तसाच घरी आलो.