झांबेझीवरचा पूल आणि सव्वा इंच लोखंड

आफ्रिकेतील झांबेझी नदीवरच्या व्हिक्टोरिया फॉल्सला जाणारे बहुतेक लोक धबधब्यासाठी जातात. मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला असल्यामुळे माझे लक्ष झिंबाब्वे आणि झांबिया यांना जोडणाऱ्या तिथल्या पुलावर अधिक होते. नाक्यावर पासपोर्ट दाखवून पुलावर जाण्यापुरती एक चिठ्ठी घेतली की मधल्या हद्दीपर्यंत चालत जाता येते. पुलावर रेल्वेचा एकच मार्ग आहे, शेजारी रस्ता आणि कडेला पायवाट. रूळ साडेतीन फुटी, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजपेक्षा अरुंद आणि पाचोरा-जामनेरच्या जुन्या गाडीपेक्षा रुंद. मी वाकून रिव्हेट पाहत होतो, तेव्हा लुसाकाहून आलेला माझा मेहुणा म्हणाला, "दाजी, धबधबा त्या बाजूला आहे!"

इंग्लंडमधील डार्लिंग्टन येथे या पुलाचे भाग तयार झाले, जहाजाने मोझांबिकच्या बैरा बंदरात उतरले आणि तेथून रेल्वेने दरीच्या काठावर आले. पलीकडचा अर्धा भाग पलीकडूनच उभारायचा असल्याने सामान नेण्यासाठी दरीवर तारेचा दोर बांधला होता, आणि पुढच्या मार्गाच्या कामासाठी एक इंजिनसुद्धा सुटे करून त्याच दोरावरून पार केले गेले. कमानीचे दोन्ही अर्धे भाग दोन्ही कड्यांवरून मधल्या दिशेने वाढत आले. मात्र मार्च १९०५ च्या अखेरीस ते जोडण्याची वेळ आली, तेव्हा दिवसभराच्या उन्हाने प्रसरण पावलेले लोखंड सुमारे सव्वा इंच जास्त भरले. रात्रीच्या गारव्याने ते आकसले आणि १ एप्रिलच्या सकाळी दोन्ही टोके नीट बसली. मे महिन्यात रुळांवर डोळा ठेवणारे आमच्याकडचे गँगमन हे ऐकून मुळीच चकित होणार नाहीत. मला मात्र सुमारे १५६ मीटरच्या कमानीत एवढा नेमका हिशेब जमवणाऱ्यांचे फार कौतुक वाटले.

गाडीच्या डब्यांवर धबधब्याचे तुषार पडावेत, ही दक्षिण आफ्रिकेतला ब्रिटिश साम्राज्यवादी राजकारणी सेसिल ऱ्होड्स याची हौस होती आणि त्यासाठीच पूल इतक्या जवळ बांधला गेला. तो स्वतः १९०२ सालीच वारला. १२ सप्टेंबर १९०५ रोजी पुलाचे उद्घाटन झाले ते चार्ल्स डार्विन यांचे पुत्र प्राध्यापक जॉर्ज डार्विन यांच्या हस्ते.

ऑगस्ट १९७५ मध्ये ऱ्होडेशियातील (आजच्या झिंबाब्वेतील) गोऱ्यांच्या राजवटीच्या प्रश्नावरील वाटाघाटी याच पुलाच्या मध्यावर उभ्या केलेल्या रेल्वेच्या डब्यात झाल्या. ऱ्होडेशियाचे पंतप्रधान इयान स्मिथ यांची माणसे आपल्या हद्दीत बसली होती आणि आफ्रिकी नेते झांबियाच्या हद्दीत. बोलणी फिसकटली. आज तेथून दोर बांधून १११ मीटर खाली उड्या मारतात. तो प्रकार मी लांबूनच पाहिला.

पाण्याचा भर पाहायचा असेल तर एप्रिलच्या सुमारास जावे, पण तेव्हा तुषारांच्या धुक्यात पूल पुष्कळदा झाकला जातो. कमानीचे काम नीट पाहायचे असल्यास ऑक्टोबर उत्तम. तो तिथला कडक उन्हाचा महिना आहे खरा, परंतु खानदेशातून जाणाऱ्याने त्याची तक्रार करू नये.