अस्तोर्गा ते सांतियागो : क्षमेच्या वाटेवरचे 260 किलोमीटर

स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी जुनी यात्रेची वाट बहुतेक जण फ्रान्सच्या सीमेवरून धरतात. तिथून संत याकोबच्या (इंग्रजीत सेंट जेम्स, स्पॅनिशमध्ये सांतियागो) कबरीपर्यंत साधारण 780 किलोमीटर होतात. आम्ही अस्तोर्गाहून निघालो: 260 किलोमीटर, बारा दिवस. एवढं अंतर निवडायचं कारण सरळ आहे. गंभीर पाप केलेल्या माणसाला देव क्षमा करतो म्हणजे नेमकं काय करतो, याचं कॅथलिक ख्रिस्तसभेचं उत्तर या टप्प्यावर दगडात, दारात आणि शेवटी पापनिवेदनाच्या, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करण्याच्या, खुर्चीत ओळीने भेटत जातं.

मुक्काम असे होते: राबानाल, एल आसेबो, पोन्फेर्रादा, व्हियाफ्रांका, ओ सेब्रेइरो, त्रियाकास्तेला, सार्रिया, पोर्तोमारीन, पालास दे रेइ, आर्सुआ, पेद्रोउसो, सांतियागो. रोजचं चालणं 16 ते 29 किलोमीटर. पाठीवरचं ओझं शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नको. साठ किलोच्या माणसाने पाण्यासकट सहा किलोवर थांबावं. वाट चुकत नाही, कारण पिवळे बाण आहेत. ओ सेब्रेइरोचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी 1984 मध्ये रंगाचा डबा घेऊन ते रंगवायला सुरुवात केली होती.

राबानालला बेनेदिक्तिन संन्याशांचा मठ आहे. संध्याकाळची प्रार्थना ग्रेगोरियन, म्हणजे जुन्या लॅटिन, चालीत होते, अर्ध्या तासात आटपते, आणि वाटसरूंना बसू देतात. तिथे बसून बायबलमधलं स्तोत्र 51 मनात म्हणून घ्यावं. ते दाविद राजाचं मानलं जातं. त्याने आपल्या सैन्यातल्या उरियाची बायको आपल्याकडे आणली, मग उरियाला लढाईत सगळ्यात पुढे उभं करून मारवलं. व्यभिचार आणि खून, दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर. नाथान संदेष्टा समोर येऊन बोलला तेव्हा दाविदाने एकही सबब सांगितली नाही. पुढच्या दहा दिवसांची तयारी या एकाच गोष्टीत आहे: सबब न सांगणं. सबबी मनातून निघायला वेळ लागतो, म्हणून चालणं कामाला येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन्सेबादोनच्या वर क्रुस दे फेर्रो, म्हणजे लोखंडी क्रूस लागतो. उंची 1504 मीटर. ओकचा उंच खांब, टोकाला छोटासा क्रूस, आणि पायथ्याशी यात्रेकरूंनी आणून टाकलेल्या दगडांची टेकडी. (मूळ क्रूस अस्तोर्गाच्या संग्रहालयात ठेवला आहे.) लोक घरून दगड आणतात, सुपारीएवढा पुरे. वसईकडचे कुणी येणार असतील तर आगाशीच्या सेंट जेम्स चर्चच्या आवारातला खडा आणायला हरकत नाही, संत तोच आहे. मात्र इथे एक गैरसमज फार जणांच्या मनात असतो. दगड टाकताना म्हणायची एक जुनी प्रार्थना आहे: शेवटच्या न्यायाच्या दिवशी हा दगड माझ्या सत्कृत्यांचं पारडं जड करो. प्रार्थना सुंदर आहे, पण क्षमा तराजूवर चालत नाही. दगड टाकल्याने पाप धुतलं जात नाही. आपण काय वाहत होतो ते आपल्याच हाताला कळावं, एवढ्यासाठी तो दगड. येशूशेजारी क्रूसावर टांगलेल्या, क्षमा मिळालेल्या चोराकडे तर टाकायला दगडही नव्हता.

क्रुस दे फेर्रोपासून मोलिनासेकापर्यंत 18 किलोमीटरमध्ये सुमारे 900 मीटर उतार आहे. सगळ्या वाटेवर गुडघे आणि अंगठे इथेच जातात. पाटीच्या दगडासारखे निसरडे, तिरके थर. पाऊस पडला की साबण. उतरण्याआधी बुटाच्या नाड्या घोट्याजवळ घट्ट कराव्यात, म्हणजे पाय पुढे सरकत नाही आणि नखं काळी पडत नाहीत. काठ्या थोड्या लांब कराव्यात. मोजे ओले झाले की लगेच बदलावेत. फोड घर्षणाने येतो, आणि ओल्या कातडीला घर्षण जास्त होतं. आम्ही एल आसेबोला थांबून हा उतार दोन दिवसांत वाटून घेतला. तसंच करावं.

मुळात या वाटेवर पापी माणसं का आली, हे पोन्फेर्रादाच्या सपाटीवर चालताना सांगण्यासारखं आहे. पहिल्या शतकांत खून, व्यभिचार, धर्मत्याग अशा पापांचं प्रायश्चित्त चारचौघांत होई. बिशप प्रायश्चित्त नेमून देई, ते वर्षानुवर्षं चाले, आणि ते पुरं झाल्यावरच माणसाला पुन्हा वेदीजवळ घेत. पुढे आयरिश संन्याशांनी खासगी पापनिवेदन युरोपभर नेलं. त्यांच्याकडे यादीच असे: कोणत्या पापाला किती दिवस उपास, किती वर्षं परदेशगमन. मोठ्या पापाला लांबची यात्रा, तीही अनवाणी. फ्लँडर्समधली न्यायालयं तर गुन्हेगारालाच सांतियागोला पाठवत आणि पोहोचल्याचा दाखला मागत. काही ठिकाणी पैसे भरून यात्रा टाळताही येई, आणि त्या सवयीने पुढे ख्रिस्तसभेचं मोठं नुकसान केलं. 1215 च्या लॅटरन परिषदेने, म्हणजे ख्रिस्तसभेच्या बिशपांच्या सभेने, वर्षातून एकदा तरी पापनिवेदन सक्तीचं केलं. तोवर हळूहळू क्रमही उलटला होता: आधी पापमोचन, म्हणजे फादरांच्या तोंडून मिळणारी क्षमा, मग प्रायश्चित्त. आजचा नियम तोच आहे, आणि मला तो जास्त दयाळू वाटतो. माणूस क्षमा कमवायला निघत नाही. क्षमा घेऊन निघतो आणि मग मोडलेलं दुरुस्त करतो.

दोष आणि दंड यांतला फरक शेतीच्या भाषेत सोपा होतो. शेजाऱ्याचा बांध कोरला. शेजाऱ्याने मनापासून माफ केलं. तरी बांध पुन्हा घालावाच लागतो. पापमोचनाने दोष जातो, देवाशी तुटलेलं नातं जुळतं. बांध घालायचं काम राहतं, तोच दंड. प्रायश्चित्त त्यासाठी आहे, आणि ख्रिस्तसभा देते ती दंडमाफीही (इंडल्जन्स) त्याच उरलेल्या कामाविषयी आहे, दोषाविषयी नाही.

व्हियाफ्रांका देल बिएर्सोला गावात शिरतानाच सांतियागोचं बाराव्या शतकातलं चर्च लागतं. त्याचं उत्तरेकडचं दार म्हणजे क्षमेचं दार. पुढे ओ सेब्रेइरोचा घाट आहे. जे आजारी यात्रेकरू तो चढू शकत नसत, त्यांना या दारापाशीच सांतियागोला पोहोचल्याची दंडमाफी मिळे. या दारासमोर थोडं थांबावं. ज्याचे पाय संपले त्याच्यासाठी ख्रिस्तसभेने कबरीचं दार जवळजवळ दोनशे किलोमीटर अलीकडे आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशीचे 28 किलोमीटर सगळ्यांत कठीण. खरा चढ शेवटच्या आठ-नऊ किलोमीटरमध्ये आहे. वर सुमारे 1300 मीटरवर धुकं असतं, अंगावर कोरडे कपडे हवेत. इथे संध्याकाळच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर, वही काढून आत्मपरीक्षण करावं. गंभीर पाप ठरायला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर, पूर्ण जाणीव, आणि स्वतःची संमती. तिन्ही होत्या तर पापाचा प्रकार आणि साधारण किती वेळा, हे सांगावं लागतं. कहाणी सांगायची गरज नाही. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं नाही. गंभीर पाप मुद्दाम लपवलं तर सगळंच पापनिवेदन फोल होतं. विसरलं तर होत नाही, आठवल्यावर पुढच्या वेळी सांगायचं. याउलट काही जण क्षमा झालेलं जुनं पाप दर वेळी नव्याने सांगत राहतात. ते नम्रतेचं लक्षण वाटतं, पण त्यात देवाच्या शब्दावरचा अविश्वास असतो.

त्रियाकास्तेलाला मध्ययुगात यात्रेकरू चुनखडीचा दगड उचलत आणि आर्सुआजवळच्या कास्तान्येदाच्या भट्ट्यांपर्यंत नेत. त्याचा चुना कॅथेड्रलच्या बांधकामाला जाई. क्रुस दे फेर्रोला दगड टाकायचा, इथे उचलायचा. मला हा दुसरा दगड जास्त महत्त्वाचा वाटतो.

सार्रियापासून गर्दी वाढते, कारण यात्रा केल्याच्या प्रमाणपत्रासाठी शेवटचे 100 किलोमीटर पायी पुरतात. इथून यात्रापुस्तिकेवर रोज दोन शिक्के घ्यायचे, नाहीतर सांतियागोच्या यात्रेकरू कार्यालयात अडतं. सरकारी धर्मशाळा दुपारी एकला उघडतात, आरक्षण नसतं.

परतफेडीचा विचार याच टप्प्यात करायला हवा, कारण फादर तो विचारणार. चोरलेलं परत करावं लागतं. मालक गेला असेल तर वारसाला, कुणीच सापडत नसेल तर गरिबांना. नाव उघड न करता फादरांच्या हस्ते देता येतं. बायबलमधल्या जक्कय जकातदाराने चौपट देऊ केलं होतं. कायद्याची शिक्षाही पापमोचनाने संपत नाही. 13 मे 1981 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्याला त्यांनी चारच दिवसांत क्षमा जाहीर केली, 27 डिसेंबर 1983 ला ते त्याच्या कोठडीत जाऊन बसले, पण तो इटलीच्या तुरुंगात 2000 पर्यंत होता. आपल्याकडे सिस्टर राणी मारिया यांचा 1995 मध्ये इंदूर भागात बसप्रवासात खून झाला. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी 2002 मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. 2006 मध्ये तो सुटला. ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडून अशी क्षमा मागता येते, वसूल करता येत नाही. तो देईल किंवा देणारही नाही.

सांतियागोत पोहोचल्यावर आधी प्रमाणपत्राच्या रांगेत धावू नये. तो कागद चालल्याचा दाखला आहे, क्षमेचा नाही. आधी कॅथेड्रल. पाठपिशवी आत नेऊ देत नाहीत, बाहेर ठेवण्याची सोय करावी. दुपारी बाराच्या यात्रेकरूंच्या मिस्साच्या बऱ्याच आधी गेलं तर पापनिवेदनाला निवांतपणा मिळतो. फादर कोणत्या भाषा बोलतात ते विचारून घ्यावं. मराठी मिळणार नाही; इंग्रजीही अडत असेल तर दुभाषा घेता येतो, आणि त्यालाही गुप्ततेचं बंधन असतं. फोनवरून पापनिवेदन होत नाही. स्पेनमध्ये सुरुवात ‘आवे मारिया पुरीसिमा’ने (परमपवित्र मारिये, तुला नमन) करतात, फादरांचं उत्तर येतं ‘सिन पेकादो कोन्सेबीदा’ (पापाविना गर्भसंभव झालेली). आपलं सांगून झालं, पश्चात्तापाची प्रार्थना झाली, की फादर हात वर करतात. ‘यो ते आब्सुएल्वो’ हे शब्द कान देऊन ऐकावेत. मी तुला पापमुक्त करतो, असा त्यांचा अर्थ.

प्रायश्चित्त काय सांगितलं ते नीट कळलं नसेल तर तिथेच पुन्हा विचारावं. पवित्र वर्ष, म्हणजे 25 जुलै रविवारी येईल ते वर्ष, पुढचं 2027 मध्ये आहे. तेव्हा किन्ताना चौकातलं पवित्र दार उघडं असेल, आणि दंडमाफीसाठी पापनिवेदन व कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर घेणं) पंधरा दिवस आधी किंवा नंतर झालेलं चालेल. इतर वर्षी ते दार बंद असतं. मग त्याच्या समोरच्या रुंद पायऱ्यांवर बसून वहीतलं पान फाडावं आणि परतफेडीचा हिशोब नव्या पानावर लिहायला घ्यावा.