रिपोर्टमधल्या त्या फुगलेल्या शिरा

लेकीच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की मेंदूच्या आत खोलवर शिरा जास्त आणि फुगलेल्या दिसतायत, ते वाचून माझे हातपायच गळाले. स्टर्ज-वेबर सिंड्रोम, म्हणजे त्वचेच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या जन्मापासून नीट न बनण्याचा आजार, हे नाव तोवर पाठ झालं होतं, कपाळावर आणि पापणीवर जन्मापासूनचा गडद लाल डाग, मग सातव्या महिन्यात पहिली फिट, डावा हात सारखा झटके देत होता. ते जेमतेम पचवतोय तोवर हे.

घरात सगळे विचारायचे, नसांचा आजार आहे का गं? आपण मज्जातंतूलाही नस म्हणतो आणि रक्ताच्या शिरेलाही, त्यामुळे सुरुवातीला माझाही गोंधळच होता. हा प्रश्न रक्त परत नेणाऱ्या शिरांचा आहे.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. मेंदूच्या पृष्ठभागावरून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा असतात, या मुलांमध्ये आजार असलेल्या भागात त्या नीट तयारच होत नाहीत, तिथे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं तेवढं असतं. रक्त येतं पण निघायला जागा नाही, ते तुंबतं, तिथल्या पेशींना ऑक्सिजन कमी पडतो, हळूहळू कॅल्शियम साचतं. त्यात फिट आली की मेंदूला ऑक्सिजन अजून जास्त लागतो आणि नेमका तोच मिळत नाही. मग हे तुंबलेलं रक्त आतल्या बाजूला वळतं, खोलवरच्या बारीक शिरांमधून जायला लागतं आणि त्या ताणाने रुंद होतात. म्हणजे ज्या ओळीने माझी झोप उडवली ती तिच्या मेंदूने स्वतःच शोधलेली वाट होती!! काही मुलांमध्ये ही वाट चांगली तयार झाली तर त्या बाजूचं काम सुधारलेलंही दिसलंय. सगळ्यांचं तसं होतं असं नाही, पण मी त्या रात्री झोपले.

आणि आईने काय चुकवलं हे कृपया कुणाला विचारू नका. २०१३ मध्ये सापडलं की जीएनएक्यू नावाच्या जीनमध्ये गर्भातच, काही पेशींपुरता बदल होतो, तो आईबापाकडून येत नाही.

अजून एक, अगदी लहानपणीचा एमआरआय क्लीन आला तरी निर्धास्त होऊ नका, कधीकधी कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून देतात ते औषध) देऊनही सुरुवातीला दिसत नाही. ताप, उलट्या झाल्या की आम्ही पाण्याकडे डोळ्यात तेल घालून बघतो, शरीर कोरडं पडलं की या मुलांना त्रास होऊ शकतो. फिट ५ मिनिटांवर गेली की इमर्जन्सी, घड्याळ बघायचंच. काही डॉक्टर कमी डोसची ॲस्पिरिन देतात, आम्हालाही दिलीय, पण ती मनाने सुरू करायची नाही आणि फ्लू किंवा कांजिण्या आल्या तर लगेच फोन करायचा.

पुढच्या आठवड्यात डोळ्याचं प्रेशर तपासायचंय, डागाच्या बाजूच्या डोळ्याला काचबिंदूची भीती असते, त्यावर वेगळं लिहीन. ते चित्र मी फाईलमध्ये रिपोर्टच्या वर लावून ठेवलंय.