हंपी: दोघांत सहा हजारांचं बजेट आणि ते फोडणारी नदी

आधी आकडा. रेल्वेचं तिकीट सोडून दोघांना चार दिवसांसाठी ₹६,००० ठरवले होते, खर्च झाले ₹६,९००. खोल्या ठरल्या भावात मिळाल्या, जेवण ठरल्यापेक्षा थोडं स्वस्तच पडलं. वरचे नऊशे एकाच ठिकाणी गेले, तुंगभद्रेच्या काठावर. हंपीत स्वस्तात राहायचं कसं हे सगळे सांगतात. नदी ओलांडायचा खर्च आणि वेळ मात्र कुणी नीट सांगत नाही, आणि बजेट मोडतं ते तिथेच.

जुन्या माहितीवर विसंबून निघू नका. इंटरनेटवर अजूनही "नदीपलीकडे विरुपापूर गड्डीवर राहा, झोपडी स्वस्त मिळते" असा सल्ला सापडतो. ती वस्ती आता नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या निकालानंतर तिथली हॉटेलं आणि गेस्टहाउसं पाडण्यात आली. पलीकडच्या काठावर राहायचं असेल तर आनेगुंदी किंवा सानापूर. ही गावं विरुपाक्ष मंदिराकडच्या नावेच्या घाटाला लागून नाहीत, म्हणजे नावेतून उतरल्यावर पुन्हा रिक्षा आली. अलीकडच्या काठावरही २०११ मध्ये हंपी बाजारातल्या जुन्या दगडी मंडपांतली घरं-दुकानं हटवली गेली. आता स्वस्त खोल्या आहेत त्या बसथांब्याजवळच्या जनता प्लॉट भागात. गल्ल्या अरुंद, खोल्या लहान, पण स्वच्छ. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोघांची साधी खोली ₹८०० ते ₹१,००० ला मिळते. नाताळ ते नववर्ष या काळात त्याच खोलीचे दुप्पट-तिप्पट मागतात. हंपी उत्सवाच्या दिवसांतही तेच, म्हणून त्या तारखा आधी बघून टाळा.

पोचायचं कसं, थोडक्यात. हंपीला जवळचं स्टेशन होस्पेट, म्हणजेच होसपेटे. मुंबई-पुणे-सोलापूरकरांसाठी मुंबई-होसपेटे एक्स्प्रेस थेट आहे. कोल्हापूर-मिरज-बेळगावकडून हरिप्रिया एक्स्प्रेस, गोव्यातून वास्कोहून सुटणारी अमरावती एक्स्प्रेस. हरिप्रिया होस्पेटला रात्री पोचते, तेव्हा हंपीच्या बसचा भरवसा धरता येत नाही. स्टेशनबाहेरचे रिक्षावाले ते ओळखून असतात आणि तेरा किलोमीटरला ₹४०० ते ₹५०० सांगतात. ती रात्र होस्पेटच्या बसस्टँडजवळच्या लॉजमध्ये ₹७०० त काढायची. रिक्षा अधिक हंपीतली खोली यापेक्षा ते स्वस्तच पडतं, झोप मिळते आणि सकाळी बसने मोजक्या रुपयांत हंपी गाठता येते.

दिवसा पोचलात तरी स्टेशनवर "हंपीला बस नाही" किंवा "बसस्टँड लांब आहे" असं ऐकायला मिळेल. बसस्टँड स्टेशनपासून दीड-दोन किलोमीटरवर आहे, सामान हलकं असेल तर चालत जा. बस दिवसभर ठरावीक अंतराने सुटतात. पाट्या कन्नडमध्ये असतात, म्हणून कंडक्टरला सरळ विचारायचं: "हंपी बस्सु एल्लि?" (हंपीची बस कुठे?) काही बस कड्डिरामपुरामार्गे जातात, काही कमलापूरमार्गे. दोन्ही चालतात. वस्तुसंग्रहालय किंवा राणीवसा आधी बघायचा असेल तर कमलापूरची धरा.

महिला प्रवाशांसाठी एक सूचना, कारण कंडक्टरशी वाद होतात. कर्नाटकात सरकारी साध्या बसमध्ये महिलांना मोफत प्रवास आहे, पण तो कर्नाटकातल्या रहिवाशांनाच. महाराष्ट्राचं आधार कार्ड दाखवून शून्याचं तिकीट मिळत नाही, पूर्ण पैसे मोजावे लागतात. आपल्या एसटीची महिलांची अर्धी सवलतही राज्याच्या हद्दीपर्यंतच. सोलापूर किंवा कोल्हापूरहून एसटीने निघणाऱ्यांनी हे धरूनच हिशोब करावा.

आता नदी.

विरुपाक्ष मंदिराशेजारच्या घाटावरून मोटरबोट पलीकडे जाते. पात्र रुंद नाही, पाच मिनिटांचा प्रश्न. माणशी ₹५० घेतात. दोघांचे जाऊन-येऊन दोनशे झाले, म्हणजे दोघांच्या एका वेळच्या साध्या जेवणाइतके. त्यात तीन भानगडी आहेत.

पहिली, वेळ. संध्याकाळी सहापर्यंत नाव चालते असं सांगितलं जातं, प्रत्यक्षात साडेपाचलाच घाट बंद होऊ लागतो. शेवटच्या फेरीला दर वाढवून मागतात, कारण समोरच्याला पर्याय नसतो हे दोघांनाही ठाऊक असतं. सूर्यास्त पलीकडच्या अंजनाद्री टेकडीवरून बघून परत हंपीत झोपायला येऊ, हा बेत जमत नाही. ५७५ पायऱ्या उतरून, रिक्षा शोधून घाटावर येईपर्यंत नाव गेलेली असते.

दुसरी, वळसा. नाव चुकली की रस्त्याने यावं लागतं. कुठूनही या, पंचवीस ते चाळीस किलोमीटर पडतात. कडेबागिलू-बुक्कसागरच्या पुलावरून कमलापूरकडे आलात तर कमी, होस्पेटवरून आलात तर जास्त. अंधारात घाटावर अडकलेल्या माणसाकडून रिक्षावाले ₹९०० ते ₹१,२०० मागतात. फुटलेले नऊशे ते हेच. रिक्षा करावीच लागली तर बसण्याआधी "बुक्कसागर पुलावरून" असं ठरवून घ्या. नाहीतर लांबच्या रस्त्याने नेऊन वर जादा किलोमीटरचे पैसे मागतात.

तिसरी, पाणी. वर होस्पेटला तुंगभद्रा धरण आहे, तेहेतीस दरवाज्यांचं. पावसाळ्यात ते भरलं की पाणी सोडतात, नदी एका दिवसात चढते आणि नावा, तेप्पा (टोपलीसारखी गोल नाव) सगळं बंद होतं. विठ्ठल मंदिराजवळचा नदीकाठचा पुरंदरदास मंडप पाण्याखाली गेला असेल तर नावेची चौकशीसुद्धा करू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये धरणाचा एकोणिसावा दरवाजा वाहून गेला तेव्हा काठावरच्या गावांना दक्षतेचे इशारे द्यावे लागले होते. जुलै ते ऑक्टोबर जाणाऱ्यांनी नदी ओलांडता येणार नाही असं गृहीत धरूनच बेत आखावा.

तळवारघट्ट्याला, म्हणजे विठ्ठल मंदिराच्या बाजूला, आनेगुंदीकडे जायला नावेचा दुसरा घाट आहे. तिथल्या पुलाचं बांधकाम चालू असताना २००९ मध्ये तो कोसळला. आनेगुंदीतच मुक्काम असेल तर हा घाट सोयीचा. वेळेची अडचण तिथेही तीच.

तर उपाय एकच: नदी एकदाच ओलांडा, सामानासकट. दोन रात्री हंपीत, मग सकाळी नावेने पलीकडे आणि एक रात्र आनेगुंदीत. परतताना हंपीत यायचंच नाही. आनेगुंदी-गंगावतीकडून बस पकडून थेट होस्पेट गाठायचं. बसमध्ये चढण्याआधी "होस्पेट होगुत्ता?" (होस्पेटला जाते का?) विचारा. असं केलं असतं तर रिक्षाचे नऊशे वाचले असते.

पलीकडे फिरायला दुचाकी भाड्याने मिळते, दिवसाला ₹५०० च्या आसपास आणि पेट्रोल वेगळं. सानापूर, आनेगुंदी, पंपासरोवर, अंजनाद्री एवढं एका दिवसात होतं. परवाना मूळ प्रत लागते. घेताना ब्रेक, टायर आणि आधीचे ओरखडे यांचे फोटो मालकासमोर काढा. गाडी ज्या काठावर फिरायचं त्याच काठावर घ्या. नावेत चढवू देतील या भरवशावर राहू नका. 

सानापूरच्या तलावावर तेप्प्यात बसवून फिरवतात आणि गोल गोल गरगरवतात. गर्दीच्या दिवसात त्याचे हजार मागतात. सोडून द्या. पाण्यात पोहायलाही उतरू नका, प्रवाह फसवा आहे आणि नदीत मगरी आहेत. एक मात्र ऐका, इथे पैसे वाचवायचे नाहीत: रात्री कालव्याकाठी किंवा एकाकी रस्त्याने चालत जाऊ नका. मार्च २०२५ मध्ये सानापूरजवळ रात्री पर्यटकांवर गंभीर हल्ला झाला होता. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा, त्यासाठी रिक्षाचे दोनशे गेले तरी द्या.

अलीकडच्या काठावर पैसे वाचवायची सर्वात मोठी जागा म्हणजे विठ्ठल मंदिराची वाट. रिक्षावाला हंपीतून तिथे नेतो तो कमलापूरमार्गे, नऊ-दहा किलोमीटर. शिवाय गाड्या मंदिरापासून सुमारे एक किलोमीटर अलीकडे थांबतात, तिथून बॅटरीची गाडी आणि तिची रांग. हंपी बाजाराच्या पूर्व टोकाच्या मोठ्या नंदीपासून नदीकाठाने चालत गेलात तर दोन किलोमीटर, फुकट. वाटेत कोदंडराम मंदिर, सुग्रीवाची गुहा, राजाची तुला लागते. पाणी चढलं असेल तर काठाची वाट बुडते. अशा वेळी नंदीच्या बाजूच्या पायऱ्यांनी खिंड ओलांडून अच्युतराय मंदिराकडे उतरा, पुढे जुन्या बाजारपेठेतून पुन्हा नदीकाठ लागतो. चांगली पकड असलेल्या तळाचे बूट हवेत, दगड पॉलिश केल्यासारखे गुळगुळीत आहेत. सकाळी सातला निघा. अकरानंतर दगड तापतात आणि पाण्यावरच पैसे जायला लागतात.

तिकिटाचं नीट समजून घ्या. पुरातत्त्व खात्याचं भारतीयांसाठीचं तिकीट ₹४०, ऑनलाइन काढलं तर ₹३५. तेच तिकीट त्याच दिवशी विठ्ठल मंदिर आणि राणीवसा, म्हणजे कमलमहाल व हत्तीखाना, दोन्हीकडे चालतं. दुसऱ्या दिवशी चालत नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. म्हणून दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी करा: सकाळी चालत विठ्ठल मंदिर, परत येऊन जेवण, दुपारी तीननंतर सायकलने राणीवसा. कमलापूरचं वस्तुसंग्रहालय शुक्रवारी बंद असतं. बाकी हजारराम मंदिर, महानवमी दिब्बा, राणीचं स्नानगृह, भूमिगत शिवमंदिर, उग्रनरसिंह, बडवीलिंग, कडलेकाळू व ससिवेकाळू गणपती, हेमकूट व मातंग टेकड्या, यांना काही लागत नाही. कुणी या ठिकाणांचं तिकीट म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

विठ्ठल मंदिराचा गाभारा रिकामा आहे. कृष्णदेवरायाने पंढरपूरची मूर्ती इथे आणली आणि भानुदासांनी ती परत नेली, ही कथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. आषाढीला पंढरपूर करणाऱ्यांनी त्या रिकाम्या जागेसमोर घाई न करता उभं राहावं. दगडी रथाभोवती फोटोची गर्दी असते, गाभाऱ्याकडे फारसं कुणी येत नाही.

सायकलचा दिवस निर्वेध गेला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. भाडं ₹१५० प्रत्येकी, गिअर नसलेली सायकल, घेण्यापूर्वी मागचा ब्रेक दाबून बघा. राजवाड्याचा परिसर सपाट आहे. हंपीहून निघताना हेमकूटामागचा चढ तेवढा उतरून ढकलावा लागतो.

वाटाड्या हवा का? दिवसभराचा नको. हवा असेल तर ओळखपत्र बघून फक्त विठ्ठल मंदिरासाठी घ्या आणि तासाचे पैसे ठरवा. रिक्षा-टूर (दिवसाचे ₹१,२०० ते ₹१,५००) चौघांत असेल तरच परवडते. तीही घ्याल तर यादी आधी सांगा आणि "दुकानात थांबायचं नाही" हे पहिल्यांदा ठरवा.

जेवण. हंपी गावात मांसाहार आणि दारू नाही. मंदिराजवळच्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटांत परदेशी पदार्थांना भाव जास्त, चव बेताची. थाळी ₹१५० च्या पुढे. सकाळी बसथांब्याजवळच्या गाड्यांवर इडली-वडा, दुपारी जमलं तर कमलापूरच्या खानावळीत जोळद रोट्टीचं (ज्वारीच्या भाकरीचं) ताट ₹८०-९० ला. संध्याकाळी होस्पेटला मिरची-मंडक्की: मसालेदार चुरमुरे आणि सोबत गरम मिरची भजी. दोघांत दिवसाला ₹४५० त नाश्ता, जेवणं, चहा सगळं बसतं. मुक्कामी खोलीत पाण्याचा मोठा जार असेल तर बाटल्या भरून निघा, उन्हात माणशी तीन लिटर लागतं.

नोटा होस्पेटलाच काढा. हंपीत यूपीआय बहुतेक ठिकाणी चालतं, पण टेकड्यांच्या आड नेटवर्क जातं, आणि नावेवर, सायकलवाल्याकडे किंवा गाडीवर सुट्टे नसतील तर शंभराची नोट परत येत नाही. दहा-वीसच्या नोटा पाचशे रुपयांच्या घेऊन ठेवा.

मातंग टेकडीवर सूर्योदयाला जाणाऱ्यांनी एकट्याने, अंधारात जाऊ नये. हेमकूट अर्ध्या मेहनतीत तितकंच दाखवतं, आणि पाय थकलेले असतील तर तेवढंच करा. चौथ्या दिवशी होस्पेटची गाडी असेल तर गाडीच्या अडीच तास आधी आनेगुंदी सोडा. बस चुकली तर मधे रिक्षा करायला वेळ उरला पाहिजे, आणि तेव्हा घासाघीस करायलाही.