मोठं घेऊ की बेताचं? तुम्ही विचारलंत म्हणून

परवा पुन्हा एका ताईंनी विचारलं. घरची अकरा माणसं, क्रूझवर पहिल्यांदाच चाललीयत. ‘तुम्ही एवढी जहाजं केलीत, सांगा ना, एकदम मोठं घेऊ की बेताचं?’ मी नेहमीसारखं ‘बोट लागते का कुणाला?’ असं विचारून विषय दुसरीकडे नेला.

‘एवढी’ म्हणजे सात. अकरा वर्षांत सात. मी दर्यावर्दी नाही, एजंटही नाही. पण डेकचे नकाशे छापून भिंतीला चिकटवणारी बाई मी. लोकांनी मलाच विचारलं तर तक्रार कोणत्या तोंडाने करू? तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकते. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच हातात ठेवीन.

आकडे आधी संपवते, कारण मला त्यांचा फार सोस होता. आयकॉन ऑफ द सीज हे क्रूझ जहाज 2024 मध्ये प्रवाशांना घेऊन निघालं: सुमारे 365 मीटर लांब, 20 डेक, 2,48,663 टन. हे टन ऐकून माणसं आ वासतात. ते वजन नाहीच. जहाजाची बंदिस्त जागा मोजून त्यावरून काढलेला आकडा आहे तो. पोट केवढं आहे, एवढंच तो सांगतो. या आकड्याला माणसांच्या संख्येने भागणं हा माझा आवडता उद्योग होता. एका केबिनमध्ये दोघं धरली तर आयकॉनवर 5,610 प्रवासी, म्हणजे माणशी 44. क्वीन मेरी 2 त्याच्यापुढे पोरसवदा, 1,49,215 टन, पण प्रवासी 2,691. माणशी 55. जहाज मोठं म्हणून ऐसपैस असतंच असं नाही, हे मी कागदावर मांडून नातेवाइकांना दाखवत असे. ते बिचारे मान डोलवत.

त्या भागाकाराने लिफ्टपाशी किती ताटकळावं लागेल ते कळत नाही, हे मला तिसऱ्या जहाजावर कळलं. चिंचोळ्या जिन्याचं प्रशस्त जहाज असू शकतं, आणि माणसांचा ओघ नीट वाटून दिलेलं गच्च भरलेलं जहाजही असू शकतं. भागाकार दोघांनाही सारखेच मार्क देतो.

खरी गंमत जहाजाच्या मधल्या भागात आहे. जहाज रुंद करत गेलात की कडेच्या केबिनना समुद्र मिळतो आणि मधला पट्टा अंधारात जातो. त्या अंधाराचं काय करायचं, या एका प्रश्नाभोवती गेल्या पस्तीस वर्षांतली मोठी जहाजं फिरतायत असं माझं मत आहे. 1990 मध्ये बाल्टिक समुद्रातल्या सिल्या सेरेनेड या फेरीबोटीत जहाजाच्या मधोमध लांबलचक रस्ताच काढला, दुतर्फा दुकानं, आणि आतल्या केबिनच्या खिडक्या त्या रस्त्यावर. तीच कल्पना 1999 मध्ये व्हॉयेजर ऑफ द सीजवर आली. मग 2009 मध्ये ओएसिस ऑफ द सीजवर तर वरचा भाग उभा चिरून दोन फाका केल्या आणि मध्ये आकाशाखाली बाग लावली, बारा हजारांवर झाडंझुडपं. समुद्रावर जाऊन बाल्कनीतून झाडं बघायची! मी यावर पुष्कळ हसले होते. 2022 च्या एमएससी वर्ल्ड युरोपाने मागची बाजूच इंग्रजी वाय अक्षरासारखी उघडी सोडली, म्हणजे आतल्या चौकातून निदान समुद्राची फट तरी दिसते. यावर मी हसले नाही. ती फट भारी आहे.

आणि ज्यांना यातलं काहीच जमत नाही त्या केबिनना खिडकी नसते. स्वस्त असतात. ‘केबिनमध्ये काय, झोपायलाच तर जायचं’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. आमच्या घरात ते माझ्या नावावर आहे.

आता ते सांगायलाच हवं. जहाजाचं नाव विचारू नका, सांगणार नाही. मोठं होतं, भरपूर मोठं. मी, आई आणि माझी धाकटी बहीण. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तरची. विसरायला लागली होती, पण ‘वयाप्रमाणे’ असं आम्ही म्हणत होतो. मोठंच जहाज घ्यायचं हा हट्ट माझा. सगळं एकाच ठिकाणी, चढउतार नाही, डोलत नाही. शेवटचं तर खरंच आहे, ते मी आजही मागे घेत नाही. लांबी आणि रुंदी लाटेला पुरून उरते, शिवाय पाण्याखाली दोन्ही अंगांना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते आडवे हेलकावे दाबतात. नाक वरखाली व्हायला लागलं की त्या पंखांचा फारसा उपयोग नसतो, पण लांब जहाजाच्या मध्यावर, खालच्या डेकवर असलात तर तेही कमीच जाणवतं. म्हणून मी केबिन मधोमध घेतली. आणि आतली घेतली. बिनखिडकीची.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बहीण कसल्या तरी कार्यक्रमाला गेली होती. आई झोपली होती. मी आंघोळीला गेले. बाहेर आले तर आईची चादर नीट घडी घालून ठेवलेली आणि आई नाही.

लोक इथे थांबवून विचारतात, तुम्ही एकटं सोडलंतच कसं? मी सांगत आले, सात मिनिटं. सात नव्हती. केस वाळवत होते, ड्रायरच्या आवाजात दार ऐकू आलं नाही. हेही पूर्ण खरं नाही. ड्रायर बंद केल्यावरही मी आतच बसून राहिले, झाकणावर, काही न करता. चार दिवसांत पहिल्यांदा एकटी होते. पंचवीस मिनिटं धरा.

दार उघडून मी कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. तुम्ही मोठ्या जहाजाचा कॉरिडॉर पाहिला नसेल तर सांगते: एक सरळ रेघ. दोन्ही बाजूंना एकसारखी दारं, एकसारखे दिवे, आणि दोन्ही टोकं इतकी लांब की तिथली माणसं बोटभर दिसतात. बाहेर दिवस आहे की रात्र, जहाज कुठल्या दिशेला चाललंय, काही काही कळत नाही. काही कंपन्या गालिच्यावर मासे विणून घेतात, माशांची तोंडं जहाजाच्या तोंडाकडे. आमच्या गालिच्यावर गोल गोल नक्षी होती. मी उजवीकडे धावले. मग डावीकडे.

बुफे, तलावाभोवतालच्या खुर्च्या, थिएटर, बायकांची स्वच्छतागृहं. मग खाली चौकशीच्या काउंटरवर. पुढे सहा माणसं, कुणाचं बिल चुकलेलं, कुणाला टेबल बदलून हवं. मी रांग मोडली. काउंटरवरची मुलगी शांतपणे विचारत होती, उंची किती, अंगावर काय होतं. अंगावर काय होतं ते मला सांगता येईना. माझ्या आईच्या अंगावर काय होतं ते मला आठवेना. तेवढ्यात तिच्यासमोरचा फोन वाजला. तिने तो दोनदा वाजू दिला, कारण ती माझ्याशी बोलत होती.

फोन आई जिथे होती तिथूनच होता.

ती आमच्याच डेकवर होती, लिफ्टच्या पलीकडच्या कॉरिडॉरमध्ये. तिथे सम आकड्यांच्या केबिन एका अंगाला असतात आणि विषम दुसऱ्या अंगाला. मधला चौक दोन्हीकडून अगदी सारखा. चौकातून परत फिरताना ती उलटी वळली असणार. आमच्या नंबरात आणि तिथल्या नंबरात एका आकड्याचा फरक. तिने कार्ड लावलं, लाल दिवा. पुन्हा लावलं, लाल दिवा. कार्डावर केबिनचा नंबर छापलेला नसतो, कार्ड हरवलं तर चोराचं फावेल म्हणून. त्या भागातल्या केबिन साफ करणाऱ्या मुलाला ती तिथे जमिनीवर बसलेली सापडली. त्याने तिच्या पाठीशी उशी दिली होती आणि तिच्याशेजारी उकिडवा बसून टॉवेलचा हत्ती करून दाखवत होता. मी पोचले तेव्हा हत्ती तिच्या मांडीवर होता.

आई म्हणाली, ‘किती वेळ दार वाजवलं. तू उघडलंच नाहीस.’

कशाला गेली होती, हे मी रात्री विचारलं. म्हणाली, उजाडलं का ते बघायला.

पुढची दोन वर्षं मी ज्याला त्याला सांगत सुटले की मोठी जहाजं म्हणजे मॉलला बांधलेलं इंजिन. माणसाला समुद्र दिसू नये याची केवढी ती सोय! बहिणीने एकदा ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘ताई, केबिन जहाजाने निवडली नव्हती.’ आम्ही महिनाभर बोललो नाही.

ती बरोबर होती. पण मीही पूर्ण चूक नव्हते, असं अजून वाटतं. 2014 च्या क्वांटम ऑफ द सीजवर आतल्या केबिनमध्ये भिंतभर पडदा लावला, बाहेरच्या कॅमेऱ्यातून थेट समुद्र दाखवणारा. डिस्ने ड्रीमवर 2011 मध्येच तशी गोल खिडकी होती. म्हणजे बांधणाऱ्यांनाही कुठेतरी टोचत असणारच ना, की माणसाला उजाडल्याचं कळायला हवं? नाहीतर एवढा खटाटोप कशाला? अर्थात तो पडदा आईला खरा वाटला असता का, त्याचीच भीती वाटली असती, हे कोण सांगणार.

मग मी प्रायश्चित्त घ्यायचं ठरवलं. पुढच्या वेळी क्वीन मेरी 2. स्टीफन पेन या जहाजरचनाकाराने त्याचा आराखडा क्रूझसाठी न काढता अटलांटिक पार करायला काढला. 2004 पासून धावतंय, जाड पोलादाचं, खोल बुडाचं, लांब निमुळत्या नाकाचं, हवं तर तीस नॉटने, म्हणजे ताशी सुमारे 55 किलोमीटरने पळणारं. लाटांचा मार बसू नये म्हणून जीवरक्षक बोटी नेहमीपेक्षा बऱ्याच वर टांगल्यात, त्यासाठी नियमातून सूट घ्यावी लागली होती. त्या बोटींच्या खाली सातव्या डेकवर जहाजाला पूर्ण वळसा घालणारी वाट आहे. अर्ध्या किलोमीटरहून जास्त एक फेरी. मला हेच हवं होतं. गोल वाटेवर कोण हरवणार? चालत राहिलात की निघालात तिथेच येता, आणि एका हाताला सतत समुद्र.

आई हरवली नाही. आमची केबिन बाल्कनीची होती, उजाडल्याचं तिला माझ्याआधी कळायचं. पण तिसऱ्या दिवशी वारा सुटला, वाटेवरची दारं बंद केली, जहाज नाक वरखाली करायला लागलं. मला बोट लागली. मला! आई ठणठणीत. ती माझ्या उशाशी बसून विचारत होती, ‘इथे रस्ता कुठंय? तो लाइटवाला?’

कुठला रस्ता?

‘मागच्या वेळी नव्हता का. दुकानं होती. लोक नाचत होते. तो हत्तीवाला मुलगा होता.’

म्हणजे बघा. जे जहाज मी दोन वर्षं शिव्या घालून पुरलं, ते आईला आवडलं होतं. तिला त्यातलं दार आठवत नव्हतं. मला फक्त दार आठवत होतं. या सुंदर, ऐतिहासिक बांधणीच्या जहाजाबद्दल तिचं म्हणणं एवढंच, की ‘पाणीच पाणी आहे, बघायचं काय?’ आणि दुपारी लायब्ररीत सगळे कुजबुजत बोलतात ते तिला कुणी गेल्यासारखं वाटायचं.

हा माझा भागाकार. माणशी 55 मध्ये तिला कंटाळा आला.

तर आता काय उत्तर देऊ? खिडकी घ्या, हे मी सांगते, हात जोडून सांगते. पण माझ्या भाच्याने बिनखिडकीच्या केबिनमध्ये सकाळी अकरापर्यंत ढाराढूर झोपून ‘आयुष्यातली बेस्ट झोप’ म्हटलं होतं. केबिनच्या वर काय आहे ते नकाशात बघा, हेही सांगते. वर तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट कपाळावर येतो. खाली पुढच्या टोकाला असाल तर बंदरात शिरताना थ्रस्टर, म्हणजे जहाज आडवं सरकवणारे पंखे, घरघरतात. हे सगळं खरं आहे आणि याने काही ठरत नाही.

मोठं जहाज वाईट नसतं. तिथे आपण कुठे आहोत ते स्वतःहून कळत नाही, कुणीतरी कळवावं लागतं, पाटीने, पडद्याने, गालिच्यातल्या माशांनी नाहीतर टॉवेल घेऊन आलेल्या मुलाने. काहींना त्याचा त्रास होत नाही. काहींना त्यातच सुट्टी वाटते. मी कुठल्या गटात आहे ते दर जहाजावर बदलतं.

आईने गेल्या महिन्यात पुन्हा रस्त्याचं काढलं. ती आता एक्याऐंशीची. मी भिंतीवर नवा नकाशा लावलाय, मोठ्या जहाजाचा. केबिन बाहेरच्या अंगाची, लिफ्टपासून चौथं दार. दारावर काय लटकवायचं यावर बहिणीचं आणि माझं अजून एकमत नाही.

त्या ताईंना उत्तर पाठवलेलं नाही. अकरा जणांत सगळ्यात वयस्कर कोण आहे, आणि त्यांच्या खोलीत कोण झोपणार, एवढंच विचारलंय.