झाकणावरचं पाणी आणि रताळ्याच्या चकत्या

आमच्या घरी रताळं म्हणजे उपासाचं. आषाढी, नवरात्र, महाशिवरात्र झाली की पुन्हा कोणी नाव काढत नसे. मला मात्र भाकरीबरोबर, आमटीभाताबरोबर बारा महिने चालेल असं रताळ्याचं तोंडी लावणं हवं होतं. ते मनासारखं जमायला वर्ष गेलं.

सुरुवात कुकरपासून केली. दोन शिट्ट्यांत रताळी मऊ झाली, पण पाणचट. परतायला घेतली तर कढईत सगळा लगदा. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारीच लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "कुकर कशाला लावलास गं? रताळं दमानं शिजवायचं असतंय."

त्यांच्या त्या 'दमानं'ला पक्कं कारण आहे, हे मला नंतर कळलं. रताळ्यात बीटा-अमायलेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान ते पिष्टाची, म्हणजे स्टार्चची, माल्टोज साखर करतं. जाळ मोठा असला की रताळं हा टप्पा भराभर ओलांडतं आणि गोडी उतरायला वेळच मिळत नाही.

दुसरी चूक साठवणीची. कोल्हापुरातल्या कपिलतीर्थ मंडईतून एकदम दोन किलो आणली आणि फ्रीजमध्ये ठेवली. आठवड्याने केली तर बाहेरून शिजलेली आणि मध्ये लाकडासारखा गाभा. रताळ्याला १२-१३ अंशांखालची थंडी सोसत नाही. आता टोपलीत, कोरडी, वारं लागेल अशी ठेवते. घेतानाही मधल्या आकाराची, सडपातळ बघून घेते. चंदगडकडची मिळाली तर उत्तमच.

आता करते ते असं. अर्धा किलो रताळी माती जाईपर्यंत चोळून धुवायची. साल काढत नाही. अर्ध्या पेराएवढ्या जाड चकत्या करायच्या आणि लगेच पाण्यात टाकायच्या, नाहीतर काळ्या पडतात. कापताना पांढरा चीक सुरीला धरतो, म्हणून आधी सुरीला तेलाचं बोट फिरवायचं. चकत्या फडक्यावर कोरड्या करायच्या. लोखंडी तव्यावर दोन चमचे तूप, त्यात जिरं तडतडलं की चकत्या एकाच थरात मांडायच्या. वर खोलगट झाकण, झाकणात वाटीभर पाणी, गॅस अगदी बारीक. त्या पाण्यामुळे वाफ आतच जिरते आणि खालून करपत नाही. बारा-पंधरा मिनिटांनी उलटायच्या, झाकण सरळ उचलायचं, पाणी तव्यात सांडू द्यायचं नाही. पुन्हा तेवढाच वेळ. चकतीच्या कडेला काकवीसारखा चिकट, तपकिरी थेंब दिसला की समजायचं, गोडी उतरली. तो थेंब मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा आत्तींना हात धरून चुलीपाशी आणलं होतं.

इथपर्यंत वर्षभर सारखंच. पुढचं दिवस बघून. उपासाला मीठ, वाटलेली हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट आणि लिंबू. पावसाळ्यात गरम भाकरीबरोबर आपली कांदा-लसूण चटणी वरून भुरभुरायची, तीसुद्धा गॅस बंद केल्यावर, नाहीतर लसूण करपून कडवट लागतो. थंडीत तीळ भाजून. उन्हाळ्यात चकत्या गार करून घट्ट दह्यात घालायच्या, वरून मिरचीची फोडणी; पण दही आंबट नको. माझ्या मते सगळ्यांत सरस ही दह्यातलीच. गोड, तिखट, गार, तिन्ही एकाच घासात.

परवा मंडईत होते तेव्हा आत्तींचा फोन आला, "दही लागलंय झ्याक. येताना रताळी घेऊन ये." एकादशी नव्हती, साधा बुधवार होता.