दोष बॉक्सचा, वायरचा की टीव्हीचा?

एचडी सेट-टॉप बॉक्स घरात आल्यानंतर तब्बल आठ महिने मी त्यावर एचडी चित्र पाहिलेच नव्हते, आणि ही गोष्ट मला टीव्हीमागची धूळ पुसताना कळली. जुन्या बॉक्सची पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या पिनांची वायर नव्या बॉक्सला तशीच जोडलेली होती. चित्र दिसत होते, आवाज येत होता, त्यामुळे शंका येण्याचे कारणच नव्हते. बातम्यांखालून सरकणारी अक्षरे जरा फुगलेली दिसत, पण तो दोष मी चष्म्याच्या नंबरावर ढकलून मोकळा झालो होतो. पिवळ्या पिनेतून फार तर ५७६ ओळींचे चित्र जाऊ शकते, तर एचडी चित्र ७२० किंवा १०८० ओळींचे असते. म्हणजे बॉक्स इमानाने एचडी चित्र तयार करत होता आणि वायरीच्या तोंडाशी ते गाळून टाकले जात होते. चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वायरीतून नेणारी एचडीएमआय केबल लावली आणि त्याच संध्याकाळी चष्मा निर्दोष ठरला.

तेव्हापासून चित्रात काही बिघडले की बॉक्स बदलून मागण्याआधी मी एक गोष्ट पाहतो : बॉक्सचा स्वतःचा मेन्यू कसा दिसतो? मेन्यू बॉक्समध्येच तयार होतो, त्याचा डिशशी संबंध नसतो. कार्यक्रमाचे चित्र चौकोनाचौकोनांनी फुटत असेल आणि त्यावर उघडलेला मेन्यू मात्र स्वच्छ, स्थिर दिसत असेल, तर बॉक्सपासून टीव्हीपर्यंतचा रस्ता बहुधा ठीक असतो आणि दोष सिग्नलमध्ये असतो. मेन्यूवरही पांढरे ठिपके चमकत असतील किंवा पडदा मध्येच काळा होत असेल, तर एचडीएमआय केबल किंवा तिचा सॉकेट तपासावा. बॉक्समध्ये रेकॉर्डिंगची सोय असेल तर याहून पक्की परीक्षा करता येते. फुटलेला प्रसंग रेकॉर्ड करून पुन्हा लावावा. चित्र नेमके त्याच ठिकाणी पुन्हा फुटले तर बॉक्सपर्यंत आलेला सिग्नलच खराब होता, आणि दुसऱ्या वेळी तो प्रसंग सुरळीत दिसला तर बिघाड पुढे कुठेतरी आहे.

बॉक्सच्या मेन्यूतल्या सिग्नलच्या पानावर दोन पट्ट्या दिसतात, एक ताकदीची आणि एक गुणवत्तेची, आणि बहुतेक जण पहिलीच पाहून समाधान मानतात. महत्त्वाची आहे ती दुसरी. ताकद भरपूर असूनही डिश किंचित हललेली असेल किंवा केबलच्या जोडात पाणी शिरले असेल तर गुणवत्ता घसरते आणि चित्र फुटू लागते. मुसळधार पावसात काही मिनिटे चित्र जाणे मात्र बिघाडात मोजू नये. घरगुती डिश ज्या लहरींवर चालतात त्या १० गिगाहर्ट्झच्या वरच्या असतात आणि पावसाचे थेंब त्या शोषून घेतात.

एचडीएमआय केबलविषयी एक स्पष्ट मत नोंदवतो. तिच्यातून आकडे जातात, त्यामुळे महागड्या केबलने रंग अधिक खुलतात हा दावा निव्वळ विक्रेत्यांचा आहे. केबल खराब असेल तर ठिपके येतील किंवा चित्र जाईल. पण चित्र नीट पोहोचत असेल तर स्वस्त आणि महाग केबलमध्ये डोळ्यांना फरक दिसणार नाही.

खरा गोंधळ होतो तो सेटिंगमध्ये, कारण बॉक्स आणि टीव्ही दोघांनाही चित्र सुधारण्याची हौस असते. बॉक्स चित्र ताणून १६:९ (रुंद पडद्याच्या मापाचे) करतो, टीव्ही त्यावर स्वतःचा झूम लावतो, आणि वृत्तनिवेदकाचे गाल रुंद होऊन कपाळ पडद्याबाहेर जाते. कडा कापल्या जात असतील तर टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ अशा नावाचा पर्याय शोधावा, आणि आकाराचे काम दोघांपैकी एकाकडेच ठेवावे. तीच गोष्ट शार्पनेसची. हा आकडा वाढवल्याने तपशील वाढत नाही, केवळ कडांभोवती पांढरी रेघ उमटते. गडद पार्श्वभूमीवरच्या अक्षरांकडे जवळून पाहत तो कमी करत जावे आणि ती रेघ नाहीशी झाली की थांबावे. काळा रंग राखाडी दिसत असेल, किंवा उलट अंधाऱ्या प्रसंगातले काहीच दिसत नसेल, तर एचडीएमआयची काळी पातळी (ब्लॅक लेव्हल, म्हणजे काळा किती गडद धरायचा ते ठरवणारी सेटिंग) बॉक्स आणि टीव्ही दोन्हीकडे वेगवेगळी लावलेली असण्याची शक्यता मोठी असते.

बॉक्सचे रिझोल्यूशन १०८० आय ठेवावे की १०८० पी, याला एकच उत्तर नाही. पहिल्यात ओळी एकाआड एक येतात आणि त्या जुळवण्याचे काम टीव्ही करतो. दुसऱ्यात ते बॉक्स आधीच उरकून देतो. खेळाचा सामना लावून दोन्ही पाहावे आणि धावत्या खेळाडूच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा जिथे कमी दिसतील ते ठेवावे. माझ्याकडे हे काम टीव्ही अधिक चांगले करतो.

आवाजाच्या तक्रारी चित्रापेक्षा जास्त छळतात. काही मोजक्याच वाहिन्यांवर आवाज अजिबात येत नसेल, तर त्या वाहिन्या बहुधा डॉल्बी पद्धतीने आवळलेला आवाज पाठवत असतात आणि तो टीव्हीला उलगडता येत नसतो. बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये पीसीएम (बॉक्सने आधीच उलगडलेला साधा आवाज) निवडले की प्रश्न सुटतो. संगीत दणदणीत आणि संवाद पुटपुटल्यासारखे, ही तक्रारही अनेकदा त्याच पानावर मिटते, कारण सहा वाटांच्या आवाजात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात आणि टीव्हीला तो नसतो. तिथे स्टिरिओ निवडावे. बॉक्सचा आवाज पूर्ण ठेवून कमीजास्त टीव्हीवरूनच करावे.

ओठ आणि शब्द जुळत नसतील तर आधी वाहिनी बदलून पाहावी. एकाच वाहिनीवर हे होत असेल तर दोष प्रसारणाचा असतो. सगळीकडे होत असेल आणि आवाज बाहेरच्या स्पीकरवर जात असेल, तर टीव्ही चित्रावर संस्कार करण्यात वेळ घालवतो आणि तोवर आवाज पुढे निघून जातो. आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लक्षात येते, पण मागून आला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत सहसा खटकत नाही. वीज आधी चमकते आणि गडगडाट मागून येतो, याची आपल्या कानांना जन्मापासून सवय आहे. त्यामुळे ऑडिओ डिलेचा, म्हणजे आवाज मुद्दाम मागे ठेवणाऱ्या सेटिंगचा, आकडा थोडा थोडा वाढवत न्यावा आणि टाळी वाजवण्याचा एखादा प्रसंग पाहून तो ठरवावा. मी ८० मिलिसेकंदांवर थांबलो, आणि नंतर टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद केल्यावर तोच आकडा पुन्हा खाली आणावा लागला.